मेहनताना आणि कूटचलन

पेशवाईच्या काळीं आपल्या मुलुखांत एकाच जातीचा रुपया चालत नसे. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना टांकसाळींचे रुपये बाजारांत फिरत, आणि एका जातीचा रुपया देऊन दुसऱ्या जातीचा घ्यावयाचा झाला म्हणजे सराफ मध्यें आपला बट्टा कापून घेई. तेव्हां सौदा करतांना दोन प्रश्न विचारावे लागत : रुपये किती, आणि कोणते ? १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या मुलुखासाठीं एकसारखा रुपया ठरविला, आणि पुढें हळूहळू दुसरा प्रश्न लोकांच्या विस्मृतींत गेला. तोच प्रश्न आज नव्या वेषांत सुशिक्षितांच्या घरीं परत आला आहे. त्याचाच विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

पुणें, मुंबई, नागपूर ह्यांसारख्या शहरांत घरीं बसून परदेशच्या ग्राहकांचें काम करणारा एक नवा वर्ग निर्माण झाला आहे. कोणी संगणकाचे प्रोग्राम लिहितो, कोणी चित्रें काढतो, कोणी भाषांतर करतो. हे कोणाचे नोकर नव्हत. ज्याचें काम त्याच्यापुरता करार. ह्यांना फ्रीलान्सर म्हणतात. अशा एखाद्या मुलीला एके दिवशीं ग्राहक लिहितो, "तुमचे पैसे बँकेमार्फत न पाठवितां क्रिप्टोंत पाठवूं का ?" मुलगी घरांत विचारते, आणि घरांतील वडील मंडळी बुचकळ्यांत पडतात. हो म्हणावें, कीं नको ?

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. बँकेंतील आपला पैसा म्हणजे बँकेच्या वहींतील एक आंकडा असतो. कूटचलन हाही वहींतील आंकडाच. परंतु ही वही कोणा एका बँकेच्या कपाटांत नसून तिच्या एकसारख्या प्रती जगभरच्या हजारों संगणकांवर असतात. सातोशी नाकामोतो ह्या टोपणनांवानें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं ही कल्पना एका निबंधांत मांडली गेली, आणि जानेवारी २००९ मध्यें बिटकॉइनची वही सुरू झाली. आपल्या नांवावरील आंकडा खर्च करण्यासाठीं एक गुप्त किल्ली लागते. ती ज्याच्या हातीं, त्याचा पैसा. ती हरवली तर दुसरी घडवून देणारा लोहार नाहीं, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत आणणारा कारकून नाहीं.

ह्या पद्धतीचे कांहीं गुण खरे आहेत. परदेशांतून बँकेमार्फत पैसा येण्यास कित्येकदां दिवस लागतात व वाटेंत शुल्क कापलें जातें ; कूटचलन बहुधा कांहीं मिनिटांत पोंचतें. कार्डानें दिलेले पैसे ग्राहक तक्रार करून परत ओढूं शकतो, तसें येथें होत नाहीं. ज्या देशांचें चलनच ढासळत आहे तेथें तर हा एक आसरा ठरतो. अर्जेंटिनांत २०२३ ह्या एका वर्षांत महागाई २११ टक्क्यांनीं वाढली. तेथील कारागिरानें डॉलरशीं बांधलेलें नाणें पत्करलें तर त्याला कोण नांवें ठेवील? परंतु आपल्या रुपयाची स्थिति तशी नाहीं. त्याची निवड आपण डोळे मिटून उचलण्याचें कारण नाहीं.

आतां बट्ट्याची गोष्ट. नोव्हेंबर २०२१ मध्यें एका बिटकॉइनचा भाव सुमारें ६९,००० डॉलरपर्यंत चढला होता. बरोबर एका वर्षानें, नोव्हेंबर २०२२ मध्यें, तो सुमारें १६,००० डॉलरवर आला. ज्यानें पहिल्या भावानें मेहनताना घेऊन तो तसाच ठेवला, त्याच्या चार महिन्यांच्या श्रमांपैकीं एका महिन्याचेही श्रम वर्षअखेर पुरते उरले नाहींत. ह्यावर उपाय म्हणून ज्यांचा भाव एका डॉलरशीं बांधलेला असतो अशीं स्टेबलकॉइन नांवाचीं नाणीं निघालीं. परंतु बांधणारी दोरी किती बळकट, हें प्रत्येक वेळीं पाहावें लागतें. टेरायूएसडी हें असलेंच नाणें मे २०२२ मध्यें थोड्याच दिवसांत कोसळलें तें पुन्हां उठलेंच नाहीं. यूएसडीसी ह्या नाण्याच्या गंगाजळीचा कांहीं भाग सिलिकॉन व्हॅली बँकेंत होता. मार्च २०२३ मध्यें ती बँक बुडतांच हें नाणें सुमारें ८८ सेंटपर्यंत घसरलें. तें लवकरच सांवरलें हें खरें, परंतु त्याच दोन दिवसांत ज्याला घरभाडें द्यावयाचें होतें त्याला त्या सांवरण्याचा काय उपयोग ?

ह्याहून सूक्ष्म गोष्ट कायद्याची आहे. रिझर्व बँकेनें ६ एप्रिल २०१८ रोजीं बँकांना ह्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं तें परिपत्रक रद्द केलें. म्हणून कूटचलन बाळगणें हा गुन्हा नाहीं. परंतु तें आपल्या देशांत कायदेशीर चलनही नाहीं. २०२२ च्या अर्थसंकल्पानें त्याच्या विक्रींतील नफ्यावर ३० टक्के कर बसविला, आणि त्यांतील तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नांतून वजा करण्यास मनाई केली.

ह्याचा परिणाम एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, त्या मुलीला एक लाख रुपये किमतीचीं नाणीं मिळालीं. त्या दिवसाच्या भावानें एक लाख रुपये हें तिचें व्यवसायाचें उत्पन्न झालें, व त्यावर नेहमींचा प्राप्तिकर लागूं होतो. तिनें नाणीं ठेवलीं, आणि विकतांना सत्तरच हजार आले. हातीं सत्तर हजार, कर मात्र एक लाखावर. तीस हजारांचा तोटा कोठेंही वजा होत नाहीं. उलट भाव चढून एक लाख तीस हजार आले, तर वरच्या तीस हजारांवर ३० टक्के, म्हणजे नऊ हजार रुपये, व त्यावर उपकर द्यावा लागतो. तोटा एकटीचा, नफ्यांत मात्र सरकार भागीदार !

दुसरा फटका वस्तु व सेवा कराचा. परदेशी ग्राहकाची सेवा ही निर्यात मानली गेली तर तिच्यावर हा कर पडत नाहीं. परंतु निर्यात ठरण्यासाठीं पैसा परिवर्तनीय परकीय चलनांत, किंवा रिझर्व बँकेची मुभा असेल तेथें रुपयांत, यावा लागतो. कूटचलन ह्या दोहोंतही बसत नाहीं, आणि परकीय रक्कम आल्याचा बँकेचा दाखलाही त्यासाठीं मिळत नाहीं. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर आहे व ज्यांना म्हणून नोंदणी करावी लागते, त्यांच्या गळ्यांत ह्या एका कारणानें १८ टक्के कर पडण्याचा संभव आहे. बँकेचें शुल्क वांचविण्याच्या नादांत हा भुर्दंड ओढवून घेणें शहाणपणाचें नव्हे.

नाणें विकण्याच्या वाटेवरही कांटे आहेत. अनोळखी मनुष्याला परस्पर विकलें, आणि त्यानें दिलेला पैसा कोणाला फसवून मिळविलेला निघाला, तर तपास चालू असतां आपलें बँकखातें गोठविलें जातें, घरखर्चही अडतो. एक्स्चेंजवर ठेवलेलीं नाणींही निर्धोक नसतात. जुलै २०२४ मध्यें वझीरएक्स ह्या एक्स्चेंजमधून सुमारें २३ कोटी डॉलर किमतीचीं नाणीं चोरीस गेलीं, आणि ग्राहकांना आपलीं नाणीं काढून घेणें दीर्घकाळ अशक्य झालें.

मग करावें काय ? मेहनताना नेहमीं रुपयांत किंवा डॉलरांत ठरवावा. नाण्यांच्या संख्येंत कधींही नव्हे. ग्राहकाजवळ कूटचलन असेल तर तें त्यानेंच विकावें आणि डॉलर बँकेमार्फत पाठवावे, ही मागणी सभ्यपणें पण प्रथमच करावी. इतकें करूनही नाणें घेणें भागच पडलें, तर आधीं अल्प रक्कम मागवून पत्ता तपासावा. पाठविण्याचें शुल्क ग्राहकाकडे राहील असें करारांत लिहून घ्यावें. रक्कम आल्याची तारीख, वेळ व त्या वेळचा भाव वहींत टिपावा. शक्य तों त्याच दिवशीं, फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेल्या एक्स्चेंजमार्फत तें विकून रुपये बँकेंत आणावे, आणि वर्षअखेरीची वाट न पाहतां हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा.

ज्याला भावाच्या चढउतारावर पैसा लावण्याची हौस असेल, त्यानें ती शिलकेंतून, समजून उमजून खुशाल पुरवावी. परंतु मेहनताना ही शिल्लक नव्हे. त्यांतून किराणा भरावयाचा असतो, मुलांची फी द्यावयाची असते. काम पुरें करणाऱ्यानें आपला धोका पत्करलेलाच असतो. नाण्याचा बट्टा त्यानेंच कां सोसावा? म्हणून "किती ?" ह्या प्रश्नाबरोबर "कोणते ?" हा जुना प्रश्नही काम हातीं घेण्यापूर्वींच विचारावा, आणि त्याचें उत्तर लेखी घ्यावें.