ड्रममध्ये नेमकं काय आहे?

औषध कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये भाव असतो तो एचपीएलसी या द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रणेला. तिच्यासाठी नंबर लागतात, तिच्यावरून रात्रपाळीत कुरबुरी होतात. कोपऱ्यातल्या आयआरकडे माणूस येतो तो पाच मिनिटांपुरता. चिमूटभर पावडर ठेवायची, आलेख काढायचा, सही ठोकून पुढच्या कामाला लागायचं. पण ड्रमवर ‘पॅरासिटामोल’ असं लेबल आहे आणि आतही खरंच पॅरासिटामोल आहे, हे छातीठोकपणे सांगतं ते हेच यंत्र. पांढऱ्या पावडरी दिसायला सगळ्या सारख्याच असतात.

आयआर म्हणजे इन्फ्रारेड, अर्थात अवरक्त स्पेक्ट्रोमीटर. रेडिओलहरींपासून गॅमा किरणांपर्यंत सगळं विद्युतचुंबकीय प्रारण मुळात एकच. फरक तरंगलांबीचा. लांबी जितकी कमी तितकी ऊर्जा जास्त, आणि रेणू कशाला दाद देतो हे त्या ऊर्जेवर ठरतं. सूक्ष्मलहरींनी वायूतले रेणू गरगर फिरू लागतात. दृश्य आणि अतिनील प्रकाशाने इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत उडी घेतात. मधल्या अवरक्त पट्ट्यातली ऊर्जा नेमकी अणूंमधल्या बंधांना थरथरवण्याइतकी असते. हा पट्टा साधारण २.५ ते २५ मायक्रोमीटरचा. केमिस्ट मात्र लाटेची लांबी सांगत बसत नाही. एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा मावतात ते सांगतो. त्या हिशेबाने पट्टा होतो ४००० ते ४००.

दोन गोळ्यांमध्ये स्प्रिंग असावी तसा बंध. स्प्रिंग ताठ असेल तर थरथर जलद, गोळे जड असतील तर संथ. कार्बन-हायड्रोजन बंध ३०००च्या आसपास शोषण दाखवतो. हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ ड्युटेरियम बसवला की तोच बंध २२००च्या आसपास उतरतो. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, म्हणजे कार्बोनिल, १७००च्या अल्याड-पल्याड. तो सेकंदाला सुमारे पन्नास लाख कोटी वेळा थरथरतो. अट एकच: थरथरताना रेणूतल्या विद्युतभाराचा तोल हलला पाहिजे. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या जोडरेणूंचा तो हलत नाही, म्हणून हवेचा बहुतेक भाग अवरक्ताला आरपार जाऊ देतो. (असे समतोल बंध पकडायला रामन वर्णपट लागतो, १९२८ साली कोलकात्यात लागलेला तो शोध २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनामुळे शाळकरी पोरांनाही पाठ आहे.) कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ मात्र अवरक्त शोषतात. जॉन टिंडलने हे १८५९ साली प्रयोगाने दाखवलं आणि आजच्या हवामानबदलाच्या चर्चेचा पाया तिथे आहे. लॅबमध्ये त्याचा प्रत्यय फार साधा येतो. बॅकग्राऊंड (नमुन्याविना घेतलेला आलेख) आणि नमुना यांच्या मधल्या वेळात कुणी यंत्रावर वाकून बोललं की २३५०ला नको असलेला पीक हजर. तो औषधाचा नसतो, बोलणाऱ्याच्या श्वासाचा असतो.

विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या तांबड्या टोकापलीकडे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला, तेव्हा अवरक्त हाती लागलं. विल्यम कोब्लेन्ट्झने १९०५ मध्ये शंभरावर संयुगांचे अवरक्त वर्णपट छापून काढले. तरी यंत्राला गिऱ्हाईक मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात, जेव्हा अमेरिकेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन मोजायची घाई झाली. त्या पिढीतली यंत्रं प्रकाश फोडून एकेक तरंगलांबी तपासायची आणि एका वर्णपटाला कित्येक मिनिटं खायची.

आजचं एफटीआयआर, म्हणजे फूरिये-रूपांतर आयआर, वेगळ्या वाटेने जातं. तापलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या कांडीतून निघालेला झोत एका पातळ चकतीवर दुभंगतो. अर्धा स्थिर आरशाकडे, अर्धा पुढे-मागे सरकणाऱ्या आरशाकडे जातो. परतून ते एकत्र आले की काही लाटा एकमेकींना बळ देतात, काही खोडतात. ही मांडणी मायकेलसनची, एकोणिसाव्या शतकातली. हाती येते ती एक ओबडधोबड लकेर, आणि तीत सगळ्या तरंगलांबी एकदमच कालवलेल्या असतात. त्या सोडवायचं गणित फूरियेचं. पण ते झटपट उरकण्याची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली छापली, तेव्हा कुठे संगणकाला हे झेपू लागलं. आरसा किती सरकला हे ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल लेसरवर मोजतात, म्हणून पिकाची जागा सहसा चुकत नाही.

ती पातळ चकती बहुधा पोटॅशियम ब्रोमाइडची असते, आणि ते पडलं मीठच. आपल्याकडच्या पावसाळ्यात यंत्राचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. कोकणपट्टीतल्या एमआयडीसीत जून लागला की जाणता माणूस आयआरची वीज शनिवार-रविवारीही बंद करत नाही. आतली ऊब राहू देतो, डिह्युमिडिफायर चालू ठेवतो आणि सिलिका जेल निळी आहे की गुलाबी पडली हे रोज पाहतो. चकती एकदा धुरकट झाली की दुरुस्तीचं बिल पाहून साहेबाचा चेहरा तसाच होतो.

जुन्या केमिस्टची परीक्षा पेलेटवर व्हायची. सुकवलेलं पोटॅशियम ब्रोमाइड दीडशे-दोनशे मिलिग्रॅम, औषध एक-दोन मिलिग्रॅम, अगेटच्या खलात भराभर घोटायचं, कारण रेंगाळलं की ते हवेतलं पाणी ओढतं. मग साच्यात भरून हायड्रॉलिक प्रेसखाली दाबायचं. जमली तर काचेसारखी चकती, नाहीतर पांढरा ठिपकेदार तुकडा. ओल राहिली तर ३४००ला रुंद दरी उमटते आणि पाहणाऱ्याला ताबडतोब कळतं की हात संथ चालला. औषध हायड्रोक्लोराइड असेल तर ब्रोमाइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड घ्यायचं, कारण घोटताना क्लोराइडची अदलाबदल होऊ शकते.

आता पॅरासिटामोलचा आलेख वाचून पाहू. ३३२५च्या सुमाराला नायट्रोजन-हायड्रोजनचा अणकुचीदार पीक, त्याच्या उजवीकडे ३१६०जवळ फिनॉलच्या हायड्रॉक्सिलचा पसरट. कार्बोनिल १६५०च्या आसपास, म्हणजे नेहमीपेक्षा खाली. शेजारचा नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन तिकडे लोटतो, दुहेरी बंध सैलावतो, थरथर मंदावते. आयबुप्रोफेनमध्ये तोच पीक १७२०जवळ असतो. दोन पांढऱ्या पावडरींची अदलाबदल झाली असेल तर एवढ्यावरच उघडी पडते. १५००च्या खालची गर्दी मात्र एकेक बंध वेगळा काढून वाचता येत नाही. ती अख्खी संदर्भ वर्णपटावर ठेवून ताडायची. तिथे प्रत्येक रेणूची नक्षी स्वतःची असते.

हल्ली हिऱ्याच्या स्फटिकावर पावडर ठेवून वरून दाबली की काम भागतं. या एटीआर पद्धतीने वेळ वाचला, खल कपाटात गेला, याची तक्रार नाही. तक्रार पुढच्या पायरीची आहे. संगणक साठ्यातले वर्णपट धुंडाळून ‘९८ टक्के जुळतं’ असं सांगतो आणि नवा मुलगा आलेखाकडे न बघता सही करतो. एटीआरमध्ये उजवीकडचे पीक जास्त खोल दिसतात, जागाही थोड्या सरकतात; त्याची तुलना पेलेटच्या वर्णपटाशी सरधोपट करता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. ग्लिसरीनच्या जागी निव्वळ ग्लायकॉलच आलं असेल तर आयआर ते हमखास पकडेल. पण त्याची भेसळ शेकडा अर्धी असेल तर ती ग्लिसरीनच्या आलेखात बुडून जाते. औषधकोश परवानगी देतो ०.१ टक्क्याला, आणि तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. आयआर पदार्थाची ओळख पटवतं. त्याच्या शुद्धतेची हमी देत नाही. या दोन प्रश्नांत गल्लत करणाऱ्याच्या हाती हे यंत्र देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्यूसीत नव्याने लागलेल्यांना एवढीच विनंती: टक्का वाचण्याआधी आलेख कागदावर काढा, कार्बोनिल कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि मगच सही करा.