लाकडातली गाठ

लाकूड कितीही बारीक दळा, लिग्निनसोबत थोडी शर्करा येतेच. ही नुसती गुंतागुंत, की रासायनिक बंध? एर्डमान यांनी १८६६ साली बंध सुचवला. वाद शतकभराहून जास्त चालला.

लिग्निन घडताना क्विनोन मेथाइड हा अस्थिर टप्पा येतो. त्याला पाणी भेटले तर प्रकरण तिथेच मिटते. शेजारच्या हेमिसेल्युलोजचा हायड्रॉक्सिल गट भेटला, तर मात्र बेंझिल ईथर जुळतो. ग्लुकुरोनिक आम्ल भेटले, तर एस्टर. एस्टर अल्कलीत सहज तुटतो, ईथर चिवट. कागदाचा लगदा शिजवूनही तपकिरी राहतो, त्याला ही चिवट गाठही जबाबदार. २०१८ साली क्योतोच्या संशोधकांनी जपानी तांबड्या पाइनमध्ये हाच ईथर, मॅनोजच्या सहाव्या कार्बनपाशी, एनएमआरने थेट दाखवला. आपल्या उसाच्या चिपाडात हा पूल बहुतांशी फेरुलिक आम्ल बांधते: एक टोक अरॅबिनोजला, दुसरे लिग्निनला.