अठरा चिंचोके, तेवीस मुले

कन्नड तालुक्यातील एखाद्या वर्गात ‘घरी शेतात कोण कोण राबते?’ असे विचारले, तर बहुतेक हात वर येतील. मग राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा एवढा लहान कसा?

पन्नास मुले आणि शंभर चिंचोके घ्या. चिंचोके म्हणजे देशाचे वर्षाचे उत्पन्न. 2023-24 मध्ये देशातील कामकऱ्यांपैकी सुमारे 46 टक्के शेतीत होते, म्हणून 23 मुले एकीकडे बसवा. शेती, पशुपालन, वने व मासेमारी यांचा मिळून उत्पन्नातील वाटा सुमारे 18 टक्के; त्यांना 18 चिंचोके द्या. उरलेल्या 27 मुलांना 82. इकडे डोई एकही पुरत नाही, तिकडे तीन-तीन येतात.

1950-51 मध्ये हा वाटा निम्म्याच्या आसपास होता. तो उतरला, पण पीक घटले म्हणून नव्हे. पीक वाढतच गेले. कारखाने, व्यापार, सेवा त्याहून वेगाने वाढल्या. राबणारे हात मात्र तेवढ्या वेगाने शेतीबाहेर पडले नाहीत.

शिवाय हिशेबाची रीतही पाहिली पाहिजे. पिकाच्या किमतीतून बियाणे, खत, डिझेल वजा करून उरेल तेवढेच शेतीच्या खात्यात धरतात. आपला कापूसच घ्या. क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण 34 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. पुढे सूत, कापड, तेल, पेंड अशी पायरीपायरीने वाढणारी किंमत उद्योगाच्या खात्यात जमा होते.

आता त्या 23 मुलांना आपले 18 चिंचोके आपसांत वाटू द्या. त्यांतला एक बागायतदार, दोघी कापूस वेचणाऱ्या मजूर. भांडण होईल. होऊ द्यावे.