स्पीकरची वायर जोडताना तांब्याचा एक केस बाहेर राहिला, तर ॲम्प्लिफायर का जळू शकतो?

दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरचा जुना ॲम्प्लिफायर खाली येतो. स्पीकर पुसून होतात, वायर सापडते. मग दातांनीच तिचं प्लास्टिक सोलायचं, टोकाला पीळ द्यायचा आणि मागच्या भोकात खुपसायचं. आवाज आला की काम झालं!

पण याच घाईत कधी कधी ॲम्प्लिफायरला रिपेअरवाल्याकडे जावं लागतं. असं का होतं आणि वायर जोडायची योग्य पद्धत कोणती, ते आज समजून घेऊया.

नेमकं जळतं कशामुळे?

स्पीकरच्या वायरमध्ये केसासारख्या बारीक तारांचा जुडगा असतो. लाल आणि काळं टर्मिनल मात्र अगदी शेजारी शेजारी असतं. लाल टर्मिनलमधली एखादी तार बाहेर राहून काळ्याला टेकली, की शॉर्ट झालाच. सगळा करंट स्पीकरला टाळून थेट जातो. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये प्रोटेक्शन असतं, तो बंद पडतो आणि वाचतो. साध्या किंवा जुन्या सेटमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा आयसी उडतात.

म्हणून कनेक्टर निवडताना पहिला प्रश्न 'आवाज किती सुधारेल?' हा नसावा. 'जोड घट्ट बसेल का आणि एकही तार बाहेर राहणार नाही ना?' हे आधी बघा.

मग कनेक्टरने आवाज सुधारतो का?

घट्ट आणि स्वच्छ जोड असेल तर साधी तार, बनाना पिन आणि सोन्याचा मुलामा दिलेली महाग पिन यांच्या आवाजात फरक ऐकू येत नाही. सोन्याचा फायदा एवढाच की ते गंजत नाही.

फरक पडतो तो वायरच्या जाडीने. समजा, जुन्नर तालुक्यातल्या राजुरीत तुमचं घर आहे. ॲम्प्लिफायर हॉलमध्ये आणि स्पीकर पडवीत, मधलं अंतर 10 मीटर. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे तार झाली 20 मीटर. 0.5 स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रोध होतो साधारण 0.7 ओहम आणि 1.5 स्क्वेअर एमएमचा 0.23 ओहम. वायरचा रोध स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवावा, असा ढोबळ नियम आहे. 8 ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा 0.4 ओहम. म्हणजे बारीक वायर नापास, जाड वायर पास!

वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून बघा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि वाकवून वाकवून ते लवकर तुटतं.

कुठे काय वापरायचं?

स्प्रिंगची क्लिप : छोट्या होम थिएटरला हीच असते. सेंटीमीटरभर वायर सोला, घट्ट पीळ द्या आणि सरळ आत घाला. तारा विस्कटत असतील तर टोकाला पिनची थिंबल दाबून बसवा.

स्क्रूचं टर्मिनल : उघडी तार, काट्यासारखी थिंबल किंवा बनाना पिन, तिन्ही चालतात. सेट वारंवार हलवत असाल तर 4 मिलिमीटरची बनाना पिन सोयीची. तारा पिनच्या आत बंदिस्त राहतात.

सोल्डर : बनाना पिनच्या आत सोल्डर केलं तर उत्तम. पण सोल्डर केलेलं टोक स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी जोड सैल होतो. तिथे थिंबल पकडीने दाबून बसवणंच बरं.

तमाशाच्या फडाला वेगळा कनेक्टर का लागतो?

याच जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गावोगावचे लोक यात्रेची सुपारी द्यायला इथल्या राहुट्यांवर येतात. फडाचा मुक्काम रोज नव्या गावात, त्यामुळे साउंडची जोडणी रोज नव्याने, त्यात वायरवर पाय पडणार हे ठरलेलं. अशा मोठ्या साउंडसाठी 'स्पीकॉन' नावाचा कनेक्टर असतो. 'न्यूट्रिक' कंपनीने तो 1987 मध्ये आणला. आत घालून फिरवला की लॉक होतो, ओढला तरी निघत नाही. घरात एकदा जोडलेली वायर वर्षभर तशीच राहते, त्यामुळे तिथे त्याची गरज नाही.

ही चूक जिवावर बेतू शकते

काही जण स्पीकरच्या वायरला लाइटचा टू-पिन टॉप लावतात. हे कधीही करू नका. लहान मुलाने तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला तर स्पीकरमध्ये थेट 230 व्होल्ट! शटर नसलेल्या 5 अँपिअरच्या सॉकेटमध्ये बनाना पिनही सहज जाते. त्यामुळे पिन लावलेली वायर मोकळी लोंबकळत ठेवू नका.

जोडण्यापूर्वी एवढं करा

1. ॲम्प्लिफायरचा प्लग भिंतीतून काढा.
2. लाल ते लाल, काळं ते काळं जोडा. एकाच स्पीकरची वायर उलटी झाली तर बेस पोकळ लागतो.
3. वायरवर खूण नसेल तर ती ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि तिच्या दोन टोकांना 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला, तर सेलच्या प्लसला लावलेली तार लाल.
4. जोडून झाल्यावर मोबाइलचा टॉर्च मारून बघा, एखादी तार बाहेर तर नाही ना?
5. पावसाळा संपला की काळी-हिरवी पडलेली टोकं कापून नवीन सोला आणि स्क्रू पुन्हा आवळा.

या सगळ्याला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. महागडी पिन नसली तरी चालेल, जोड मात्र पक्का हवा. दातांनी वायर सोलणारा एखादा मित्र तुम्हालाही असेलच. त्याला हा लेख आजच पाठवा!