एक खोली, किती कुटुंबे?

सुरतच्या पांडेसरा भागातल्या एका खोलीत आठ कामगार पाळ्यांनी राहतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच गोधडीवर रातपाळीवाला निजतो. ही कुटुंबे किती? जनगणना आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण दोन्ही चूल पाहतात: नेहमी एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, नात्याची अट नाही. डबा खानावळीतून येत असेल, तर मात्र प्रगणकाची पंचाईत होते.

कामाच्या व्याख्येत एवढे एकमत नाही. 2011च्या जनगणनेत वर्षातले 183 दिवस काम केलेला ‘मुख्य कामगार’ ठरला. श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक निकषात आठवड्यातला एक तासही पुरतो. स्थलांतराचे मोजमाप तर एकाच संस्थेने बदलले. कामासाठी गावाबाहेर राहण्याची किमान मुदत राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 1999-2000च्या फेरीत 60 दिवस होती, 2007-08मध्ये ती एक महिना झाली. खानदेशातून हंगामापुरता दीड महिना आलेला मजूर पहिल्या फेरीत मोजलाच गेला नसता. अशा दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘वाढ’ सांगणे फसवे.

उद्योगांचे वर्गीकरण त्यामानाने मार्गी लागले आहे. 2008च्या राष्ट्रीय संकेतावलीत विणकाम 1312 आणि रंगाई-छपाईसारखी कापडावरची प्रक्रिया 1313. श्रमबल सर्वेक्षण आणि कारखान्यांची वार्षिक पाहणी, दोन्हींनी हेच क्रमांक वापरले.