ऑनलाइन दुकानातील मुदत संपणारा साठा आणि कर्मचाऱ्यांसाठी स्वयंचलित स्मरणसूचना : एक विवेचन

प्रस्तावना :

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावातील व्यापारीही आज आपला माल ऑनलाइन विकू शकतो. प्रत्यक्ष दुकानात ग्राहक पाकीट हातात घेतो, उलटून तारीख पाहतो आणि मगच पैसे देतो. ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाला केवळ छायाचित्र दिसते व तारीख पाहण्याची जबाबदारी पूर्णतः विक्रेत्यावर येते. ही जबाबदारी कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर न सोडता संगणकाकडे कशी सोपवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी :

2020 च्या खाद्यपदार्थ लेबलविषयक विनियमांनुसार वेष्टनावर उत्पादनाची वा पॅकिंगची तारीख आणि अंतिम मुदत छापणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ई-कॉमर्स व्यावसायिकांना सूचना केली की, ग्राहकाच्या हाती माल पडताना त्याच्या टिकवण कालावधीपैकी किमान 30 टक्के किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. औषधांबाबत नियम जुना व अधिक कठोर आहे. औषधे नियम, 1945 मधील नियम 65 नुसार मुदतबाह्य औषध विकता येत नाही. उत्पादकाकडे परत करण्यासाठी ते ठेवलेच तर विक्रीच्या साठ्यापासून वेगळे व ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहिलेल्या खोक्यात ठेवावे लागते.

या नियमांचे महत्त्व महाराष्ट्रातील एका घटनेने अधोरेखित केले. 1 जून 2025 रोजी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने झेप्टो या सेवेच्या धारावी येथील केंद्राचा अन्न परवाना निलंबित केला. तपासणीत नोंदवलेल्या त्रुटींमध्ये काही पदार्थांवरील बुरशी व शीतगृहातील अयोग्य तापमान यांबरोबरच मुदतबाह्य माल चांगल्या मालापासून स्पष्टपणे वेगळा न ठेवणे, ही एक बाब होती. मोठे भांडवल व प्रगत संगणकप्रणाली असली तरी कपाटातला माल आपोआप बाजूला होत नाही, हे यातून दिसते.

नोंदीचा पाया :

अनेक दुकानांत साठ्याची नोंद वस्तूनिहाय असते, उदाहरणार्थ ‘संत्रा सरबत, 120 बाटल्या’. मात्र या 120 बाटल्या तीन वेगवेगळ्या बॅचच्या असतील तर त्यांच्या मुदतीही तीन असतात. म्हणून वस्तूऐवजी बॅच हे नोंदीचे एकक मानावे लागते. प्रत्येक बॅचसाठी बॅच क्रमांक, उत्पादन तारीख, अंतिम मुदत, नगसंख्या, ठेवण्याची जागा आणि जबाबदार कर्मचारी एवढी माहिती आवश्यक ठरते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. किराणा मालावरील नेहमीच्या 13 अंकी बारकोडमध्ये वस्तूची ओळख असते, मुदतीची तारीख नसते. त्यामुळे माल उतरवून घेतानाच तारीख स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. 1 ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या निवडक 300 ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला असून त्यात बॅच क्रमांक व अंतिम मुदतही समाविष्ट असते. औषधावर केवळ महिना व वर्ष छापलेले असल्यास ते औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत वैध असते. संगणकाने ती तारीख महिन्याची पहिली मानली, तर चांगला माल विनाकारण बाद होतो.

सूचनेची तारीख कशी ठरते?

स्मरणसूचना अंतिम मुदतीवरून मोजणे पुरेसे नाही. ती ‘विक्रीच्या अखेरच्या दिवसा’वरून मोजावी. समजा, एका सरबताची उत्पादन तारीख 1 जानेवारी व अंतिम मुदत 30 जून आहे, म्हणजे टिकवण कालावधी 180 दिवसांचा. त्याचे 30 टक्के म्हणजे 54 दिवस. ग्राहकापर्यंत माल पोहोचण्यास 4 दिवस लागत असतील, तर 30 जूनच्या 58 दिवस आधी, म्हणजे 3 मे रोजी, विक्री थांबवावी लागेल. पहिली सूचना 30 दिवस आधी म्हणजे 3 एप्रिलला व दुसरी 7 दिवस आधी म्हणजे 26 एप्रिलला देता येईल.

केवळ तारीख सांगणारी सूचना मात्र अपुरी असते. 3 एप्रिलला 120 बाटल्या शिल्लक असून रोज सरासरी 2 विकल्या जात असतील, तर 3 मेपर्यंत 60 खपतील व 60 उरतील. ‘60 बाटल्या उरण्याची शक्यता आहे’ असे सांगणारी सूचना मिळाल्यास सवलत देणे, पुरवठादाराकडे परत करणे किंवा नवी मागणी थांबवणे, यांपैकी निर्णय वेळेत घेता येतो.

कार्यपद्धती :

संगणकावर रोज सकाळी ठराविक वेळी आपोआप चालणारा एक छोटा कार्यक्रम बॅचची नोंदवही तपासतो आणि सूचनेस पात्र बॅचची यादी संबंधित कर्मचाऱ्यास ई-मेलने किंवा लघुसंदेशाने पाठवतो. सूचना पाठवल्याची नोंद ठेवल्याने तीच सूचना पुनःपुन्हा जात नाही. कर्मचाऱ्याने केलेली कार्यवाही नोंदवणे अपेक्षित असते. 24 तासांत ती न झाल्यास सूचना पर्यवेक्षकाकडे जाते. विक्रीच्या अखेरच्या दिवसानंतर ती बॅच संकेतस्थळावरील उपलब्ध साठ्यातून आपोआप वगळली जाते. मागणी भरताना आधी मुदत संपणारी बॅच आधी पाठवण्याचे तत्त्वही याच नोंदवहीच्या आधारे पाळता येते. ग्राहकाकडून परत आलेला माल बॅच व तारीख पुन्हा तपासूनच साठ्यात घ्यावा, अन्यथा संपूर्ण नोंद अविश्वसनीय ठरते.

मर्यादा :

माल घेताना तारीख चुकीची नोंदवली गेली, तर संगणक ती चूक निष्ठेने पुढे नेतो. रोज पन्नास सूचना येऊ लागल्या, तर कर्मचारी त्या वाचेनासे होतात. म्हणून सूचना कमी, नेमक्या व एका व्यक्तीच्या नावे असाव्यात आणि महिन्यातून एकदा काही बॅच प्रत्यक्ष कपाटाशी ताडून पाहाव्यात.

निष्कर्ष :

स्वयंचलित स्मरणसूचना ही तांत्रिकदृष्ट्या अवघड गोष्ट नाही. छोट्या दुकानास ती साध्या तक्त्यावरही सुरू करता येते. खरा प्रश्न शिस्तीचा आहे. तारीख अचूक नोंदवणे, सूचनेस उत्तरदायी व्यक्ती निश्चित करणे आणि काढलेला माल प्रत्यक्ष वेगळा ठेवणे या तीन गोष्टी माणसालाच कराव्या लागतात. आपल्या महाविद्यालयांतील वाणिज्य व संगणकशास्त्र विभागांनी हा विषय संयुक्त प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांना दिल्यास स्थानिक व्यापाऱ्यांस उपयोग होईल. ज्या ग्राहकाला पाकीट उलटून पाहता येत नाही, त्याच्या आरोग्याचेही त्यातून रक्षण होईल.