मरोळचा मसाला, बाटलीतला!

ऑफिस मरोळला? म्हणजे लंचला पंजाबी थाळी नाहीतर शेजवान राइस! पण मेट्रोतून उतरल्यावर शॉर्टकट म्हणून ज्या गल्ल्या तुम्ही तुडवता, ते ईस्ट इंडियनांचं गावठाण. बंगालबिंगालशी संबंध नाही हं. ही इथलीच, घरात मराठी बोलणारी ख्रिस्ती मंडळी. नाव घेतलं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी.

यांच्या जेवणाचा जीव बॉटल मसाल्यात. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात मिरच्या, धणे, तीळ, खसखस, चक्क गहू आणि चणाडाळही वाळवायची, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कुटायचा आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासायचा. गडद अशासाठी, की उजेडाने रंग उडतो. मग वर्षभर मटण, मासे, भाजी, सगळ्यात तोच. सोबत फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे. भन्नाट!

लोचा एकच. हॉटेलच्या मेन्यूकार्डावर हे क्वचितच दिसतं. शिजतं घरात, नाहीतर लग्नात. आणि अंगणाच्या जागी टॉवर आला, की मिरच्या वाळवायच्या कुठे? मी ओळखीच्या एका आंटीकडून दर जूनला एक बाटली आणते. यंदाची गणपतीतच संपली. 'आता पुढच्या उन्हाळ्यात ये,' म्हणाल्या.